बीसीजी नेमकी कशापासून वाचवते?

बीसीजी लसीबद्दल आपल्याकडे दोन मते एकाच वेळी नांदतात. पहिले असे की, बाळाला जन्मल्याबरोबर टोचली की टीबीची चिंता मिटली. दुसरे असे की, लस सगळ्यांनाच टोचलेली असते, तरी घरोघर टीबी आहेच; म्हणजे तिचा काही उपयोग नाही. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. क्षय हा सगळीकडे सारखाच वागणारा एक आजार आहे, असे आपण धरून चालतो. पन्नाशीच्या माणसाच्या फुप्फुसातला क्षय आणि आठ महिन्यांच्या मुलाच्या मेंदूच्या आवरणातला क्षय एकाच जंतूमुळे होतात हे खरे. पण ते शरीरात ज्या वाटेने आणि ज्या वेगाने पोचतात ती वाट आणि तो वेग अगदी वेगळे आहेत. लस त्यांतली एक वाट चांगली अडवते, दुसरी फारशी अडवत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. फुप्फुसाच्या क्षयाविरुद्धची लस म्हणून बीसीजी कच्ची आहे. जंतू रक्तातून पसरून तान्ह्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचू नये यासाठीची लस म्हणून ती भक्कम आहे. हे नीट समजले की लस कधी टोचायची, टोचल्यावर कोणते काम उरते आणि तिच्याकडून काय मागू नये, हे तिन्ही प्रश्न सुटत जातात. विवेचनासाठी मी डिलाईल रोड निवडला आहे, कारण क्षयाचा संसर्ग ही मुळात घराच्या आकाराची आणि घरातल्या हवेची गोष्ट आहे, आणि त्या दृष्टीने या रस्त्याइतकी बोलकी जागा मुंबईत शोधून सापडणार नाही.

खोली आणि तिच्यातली हवा

डिलाईल रोडचे कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. गिरणी कामगारांसाठी आयुष्य घालवलेल्या नारायण मल्हार जोशींचे नाव या रस्त्याला मिळाले हे उचितच झाले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या ३२ डिलाईल रोडवर. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. मजल्याच्या मधोमध लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे आणि शौचालये सामाईक.

या रचनेकडे क्षयाच्या नजरेने पाहू. खोलीचे दार आतल्या व्हरांड्यात उघडते आणि खिडकी बाहेरच्या बाजूला. दार आणि खिडकी दोन्ही उघडी असतील तरच हवा आरपार जाते. रात्री दार बंद होते. जून ते सप्टेंबर पावसाच्या झडीमुळे खिडकीही बरेचदा लोटलेली असते. म्हणजे ज्या आठ तासांत घरातली सगळी माणसे एकत्र असतात, नेमक्या त्याच आठ तासांत हवा बदलण्याचा मार्ग बंद होतो. कॉटवर आजोबा, खाली जमिनीवर मुलगा-सून, त्यांच्या मध्ये बाळ, आणि ओट्याजवळ आजी. बाळ आणि आजोबा यांच्यात चार हात अंतर.

क्षयाचा जंतू थुंकीच्या मोठ्या थेंबातून लागत नाही. तो लागतो खोकताना, बोलताना, गाताना उडणाऱ्या आणि वाळून एक ते पाच मायक्रॉनचे होणाऱ्या कणांतून. हे कण खाली बसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाण्याइतके बारीक असतात. म्हणून एकाच बशीत जेवल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने क्षय लागत नाही. रात्रभर एक हवा वाटून घेतल्याने लागतो. ताटवाटी वेगळी ठेवून समाधान मानणारी आणि खिडकी मात्र बंद ठेवणारी घरे आजही आहेत. जंतूच्या दृष्टीने ही व्यवस्था बरोबर उलटी आहे.

दुसरी गोष्ट अशी की लहान मूल सहसा दुसऱ्याला क्षय देत नाही. त्याच्या फुप्फुसात जंतू कमी असतात आणि खोकण्याचा जोरही कमी असतो. त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलाला क्षय झाला की ज्याच्याकडून तो आला असा मोठा माणूस जवळपास आहेच, असे धरून शोध सुरू करावा लागतो.

गिरण्या चालू असताना इथल्या गाळ्यांमधून कोकण-घाटावरचे एकटे पुरुष पाळ्यांनुसार आळीपाळीने झोपत. कापसाच्या धुळीने होणारा खोकला हा वेगळा आजार. पण खोकला हा गिरणीतल्या नोकरीचाच भाग मानला जाई, आणि त्याच्या आड क्षयाचा खोकला दडायला भरपूर जागा होती. अंगात ताकद उरली नाही की माणूस गावी जायचा, आणि गावच्या घरातही बाळे असायची. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, पण चाळी आणि १६० चौरस फूट राहिले. आता म्हाडाच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. मी याचे मनापासून स्वागत करतो. तरीही एक इशारा द्यायला हवा. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसनाच्या उंच इमारतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला, तेव्हा एकमेकींना खेटून बांधलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवरचा अंधार, कोंडलेली हवा आणि क्षय यांचा संबंध समोर आला. म्हणजे घर पक्के झाले, मोठे झाले, एवढ्याने भागत नाही. दोन इमारतींमध्ये अंतर किती आणि खिडकीतून ऊन येते का, हे आरोग्याचेच प्रश्न आहेत.

जंतू आत गेल्यानंतरचे वर्ष

संसर्ग आणि आजार यांत फरक आहे. जंतू शरीरात शिरला म्हणजे संसर्ग झाला. त्याने ठाण मांडून शरीर पोखरायला सुरुवात केली म्हणजे आजार झाला. धडधाकट मोठ्या माणसात शंभरात नव्वदांना संसर्ग होऊनही आयुष्यभर आजार होत नाही. तान्ह्या मुलाचा हिशेब असा नाही. क्षयावर औषधेच नव्हती त्या काळातल्या नोंदी तपासून दक्षिण आफ्रिकेतल्या बेन माराय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वयोगटानुसार धोका मांडला. लस न घेतलेल्या, एक वर्षाच्या आतल्या मुलाला संसर्ग झाला, तर फुप्फुसाचा किंवा छातीतल्या गाठींचा आजार होण्याची शक्यता ३० ते ४० टक्के, आणि मेंदूच्या आवरणाचा किंवा सर्वांगात पसरलेला क्षय होण्याची शक्यता १० ते २० टक्के. एक ते दोन वर्षांच्या मुलात हा दुसरा आकडा २ ते ५ टक्क्यांवर येतो, दोन ते पाच वर्षांत अर्ध्या टक्क्यावर. जंतू तोच, खोली तीच; पण पहिल्या वर्षातल्या आणि चौथ्या वर्षातल्या मुलाच्या धोक्यात वीस-चाळीस पटींचा फरक. पुढचे सगळे विवेचन या फरकावर उभे आहे.

असे का होते? श्वासातून आलेला जंतू फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या भक्षक पेशी गिळतात. मोठ्या माणसात या पेशींना काही आठवड्यांत टी-पेशींची कुमक मिळते, जंतूंभोवती कोंडाळे तयार होते आणि ते तिथेच अडकतात. तान्ह्या मुलाच्या भक्षक पेशी जंतू गिळतात, पण मारण्यात कमी पडतात, आणि टी-पेशींची कुमकही उशिरा आणि अपुरी येते. तोवर जंतू जवळच्या लसिकाग्रंथींत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ अर्विद वॉलग्रेन यांनी १९४८ मध्ये या प्रवासाचे वेळापत्रकच लिहून ठेवले. मेंदूच्या आवरणाचा आणि सर्वांगीण क्षय संसर्गानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच गाठतो. हाडांचा क्षय वर्ष-दोन वर्षांनी येतो.

रक्तातून आलेले जंतू मेंदूत थेट धुमाकूळ घालत नाहीत. रिच आणि मॅककॉर्डॉक यांनी १९३३ मध्ये दाखवले की, आधी मेंदूच्या पृष्ठभागाजवळ किंवा आवरणात एक लहानसे केंद्र तयार होते. ते पुढे केव्हातरी आवरणाखालच्या द्रवात फुटते आणि मग आवरणाचा दाह सुरू होतो. तळाशी साचणाऱ्या घट्ट स्रावामुळे द्रव वाहून जाण्याचे मार्ग तुंबतात, मेंदूत पाणी साठते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात आणि मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मरतो. सर्वांगीण क्षयात क्ष-किरण चित्रावर दोन्ही फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढे असंख्य ठिपके दिसतात.

घरात हे सगळे दिसते ते फार साध्या रूपात. मूल आठ-दहा दिवस कुरकुरे होते, खात नाही, बारीक ताप असतो, मधूनच उलटी करते. दात येत असतील, पोट बिघडले असेल, दृष्ट लागली असेल अशी कारणे चटकन सुचतात. मग मूल सुस्त पडते, एक डोळा तिरळा होतो, झटका येतो. झटका आल्यावर रुग्णालय गाठले जाते, आणि तोवर मेंदूची हानी झालेली असते. या आजाराचे २०१४ मध्ये जागतिक पातळीवर संकलन झाले, त्यात उपचार मिळूनही सुमारे १९ टक्के मुले दगावली आणि वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत कायमचा मेंदूदोष राहिला. चालता न येणारे, ऐकू न येणारे, ओळख नसलेले मूल घेऊन आई पुढची वीस वर्षे रुग्णालयाच्या खेपा घालते. मृत्यूच्या आकड्यात हे दुःख मोजले जात नाही.

या आजाराच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याला पुरेसा माहीत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. पी. एम. उदानी यांनी मुलांच्या क्षयावर हयातभर काम केले. त्याच संस्थेतल्या मज्जाविकृतितज्ज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांच्यासह त्यांनी १९७०च्या सुमारास मेंदूच्या क्षयाची निरनिराळी रूपे जगापुढे मांडली. आवरणाचा दाह फारसा नसतानाही क्षयामुळे मेंदूची हानी होऊ शकते, हे त्यांचे निरीक्षण आजही पाठ्यपुस्तकांत आहे. उदानींनी पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली. बीसीजी घेतलेल्या मुलांत क्षय झालाच, तर तो बरेचदा एका जागी रोखलेला, मर्यादित दिसतो. जंतू आला, पण त्याला पसरता आले नाही. लसीचे काम याहून नेमके सांगता येणार नाही.

लस काय करते

आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात गाईंच्या क्षयाचा जंतू हाती घेतला. बैलाचे पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्याच्या कापांवर त्यांनी तो दर तीन आठवड्यांनी नव्याने वाढवला, असे २३० वेळा, तेरा वर्षे. पहिल्या महायुद्धातही काम थांबू दिले नाही. शेवटी जंतू जिवंत राहिला, पण रोग निर्माण करण्याची ताकद गमावून बसला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस प्रथम तोंडाने दिली गेली. त्या बाळाची आई क्षयाने गेली होती. १९३०मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात लसीत रोगकारक जंतूंची भेसळ झाली आणि सत्तरहून अधिक बाळे दगावली. दोष लसीच्या जंतूचा नव्हता, प्रयोगशाळेतल्या हलगर्जीपणाचा होता. पण पालकांच्या मनातली भीती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. भारतात १९४८ मध्ये मदनपल्लीला सुरुवात झाली, मद्रासजवळ गिंडीला लसनिर्मिती सुरू झाली, १९५१ पासून मोहीम देशभर गेली. १९५५ मध्ये राजाजींनी पुस्तिका लिहून या मोहिमेला विरोध केला. जिवंत जंतू लाखो निरोगी मुलांच्या अंगात घालण्याआधी पुरावा दाखवा, ही त्यांची मागणी होती. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण मागणी रास्त होती, आणि सरकारने तेव्हा उत्तर देण्याऐवजी मोहीम रेटण्यावर भर दिला याची किंमत पुढे मोजावी लागली.

लस टोचताना पाहण्यासारखी असते. भुकटीची गडद रंगाची कुपी, कारण उजेडाने जंतू मरतात. त्यात मिठाचे निर्जंतुक पाणी मिसळतात. एकदा मिसळल्यावर चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. सिस्टर बाळाचा डावा दंड बोटांत ताणून धरते, बारीक सुई कातडीला जवळजवळ समांतर ठेवते आणि टोक कातडीच्या थरातच थांबवते. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलिलिटर, त्यापुढे ०.१. नीट टोचली तर पाच मिलिमीटरचा फिकट फुगवटा उठतो आणि अर्ध्या-पाऊण तासात जिरतो. सुई खोल गेली तर फुगवटा उठत नाही आणि पुढे गळू किंवा काखेत अवधाण येण्याचा संभव वाढतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथे लालसर फोड येतो, तो पिकतो, फुटतो, खपली धरतो आणि दोन-तीन महिन्यांत वण राहतो. त्यावर हळद, तेल, मलम काही लावू नये, शेकू नये. ‘पिकले नाही म्हणजे लागली नाही’ हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. वण उमटला नाही तरी लस पुन्हा टोचत नाहीत.

कातडीत चाललेली ही छोटी लढाई म्हणजे रंगीत तालीम असते. दुबळ्या जंतूशी झुंजताना टी-पेशी क्षयाची खूण शिकतात. पुढे खरा जंतू फुप्फुसात आला की ही शिकलेली फौज लवकर पोचते. तिला फुप्फुसातले पहिले ठाणे नेहमी मोडता येत नाही. पण तिथून निघून रक्तात पसरण्याच्या वाटेवर ती वेळेत उभी राहते.

पुरावा, आणि त्याचे वाचन

बीसीजीची बदनामी झाली ती आपल्याच देशातल्या एका उत्तम अभ्यासामुळे. तमिळनाडूच्या चिंगलपट जिल्ह्यात १९६८ पासून सुमारे २,६०,००० लोकांवर प्रयोग झाला. काहींना लस, काहींना नुसते पाणी, आणि कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही, इतका काटेकोर. साडेसात वर्षांनंतरचे निष्कर्ष १९७९ मध्ये आले, आणि पंधरा वर्षांनंतरचेही तेच निघाले: फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळजवळ नाही. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात शाळकरी मुलांत हीच लस ७५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देत होती, म्हणून हा धक्का मोठा होता. उष्ण प्रदेशातल्या मातीत आणि पाण्यात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाईबंद भरपूर असतात, त्यांच्याशी आधीच ओळख झालेल्या शरीरात लसीची भर पडत नाही, हे त्याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. तसे असेल तर लस त्या ओळखीच्या आधी, म्हणजे जन्मल्याबरोबर, देण्याला आणखी एक कारण मिळते.

पण चिंगलपटमध्ये मोजले काय गेले? थुंकीत जंतू दाखवणारा क्षय. तान्हे मूल थुंकी देत नाही. मेंदूच्या आवरणाचा क्षय थुंकीत दिसत नाही. ज्या आजारासाठी आपण बाळाला लस टोचतो, तो आजार मोजण्यासाठी हा प्रयोग रचलेलाच नव्हता. ‘चिंगलपटने बीसीजी निकामी ठरवली’ असे म्हणणारे त्या अभ्यासाच्या तोंडी त्याने न दिलेले उत्तर घालतात.

नेमका तो प्रश्न विचारणारे अभ्यास निराळे आहेत. लॉरा रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र केले. लस देऊन-न देऊन केलेल्या प्रयोगांत मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्वांगीण क्षयापासून संरक्षण ८६ टक्के, रुग्ण आणि निरोगी मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत ७५ टक्के. ट्रुन्झ, फाइन आणि डाय यांनी २००६ मध्ये पुन्हा हिशेब मांडला. आवरणाच्या क्षयाला ७३ टक्के, सर्वांगीणला ७७. २००२ साली जगभर टोचलेल्या दहा कोटी बाळांमुळे त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत आवरणाच्या क्षयाचे जवळपास ३०,००० आणि सर्वांगीण क्षयाचे ११,००० हून अधिक रुग्ण टळले, असा त्यांचा अंदाज आहे. महाराष्ट्रात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. संजय झोडपे यांच्या गटाने अशाच तुलनात्मक पद्धतीने काम केले.

तुलनात्मक अभ्यासांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. लस घेणारी मुले बऱ्या घरातली असतात. त्यांना क्षय कमी होतो तो घरामुळे, लसीमुळे नव्हे. पण कारण केवळ बरे घर असते, तर फुप्फुसाचा क्षय आणि मेंदूचा क्षय सारख्याच प्रमाणात घटले असते. तसे होत नाही. मेंदूचा क्षय पुष्कळ घटतो, फुप्फुसाचा थोडा. घराची श्रीमंती असा निवडक परिणाम घडवू शकत नाही. रक्तातला प्रसार रोखणारी लस घडवू शकते.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे, जो वॉर्डात काम करणाऱ्यांकडूनही ऐकू येतो: ‘मेंदूच्या टीबीची बहुतेक मुले लस घेतलेलीच असतात.’ हे निरीक्षण खरे आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कल्पित आकडे घेऊन हिशेब करू. एक लाख मुले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे ९५ टक्के मुलांना बीसीजी मिळते, म्हणून ९५,००० लस घेतलेली, ५,००० न घेतलेली. न घेतलेल्यांत हजारी चार मुलांना मेंदूचा क्षय होतो असे धरू आणि लस चारपैकी तीन वाचवते असे धरू. न घेतलेल्या ५,००० मुलांत २० रुग्ण. घेतलेल्या ९५,००० मुलांत हजारी एक, म्हणजे ९५ रुग्ण. वॉर्डात आलेल्या ११५ मुलांपैकी ९५ मुलांच्या दंडावर लसीचा वण असेल, म्हणजे शंभरात ऐंशीहून अधिक. पण लस नसतीच तर वॉर्डात ४०० मुले आली असती. उरलेली २८५ मुले वॉर्डात दिसत नाहीत. ती शाळेत असतात. टळलेला आजार डोळ्यांना दिसत नाही, आणि लसीकरणाबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ इथेच आहे.

लसीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट मांडायला हव्यात. संरक्षण पहिल्या वर्षांतच सर्वाधिक असते आणि पुढे ओसरते. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या संकलनात पाच वर्षांपुढच्या वयात फारसा परिणाम आढळला नाही. शाळेत गेल्यावर दुसऱ्यांदा टोचण्याचा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला, त्याचा लाभ दिसला नाही. मुले संसर्ग पसरवत नसल्यामुळे त्यांना लस दिल्याने वस्तीतला मोठ्यांचा क्षय कमी होत नाही. मुंबईत दरवर्षी क्षयाच्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होते आणि बीसीजी हा आकडा खाली आणेल अशी अपेक्षाच गैर आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा मुंबईत झालेला फैलाव पाहता मात्र लसीचे मोल वाढते. औषधांना सरावलेला जंतूही टी-पेशींच्या लेखी क्षयाचाच जंतू असतो.

उशीर कुठे होतो

लस टोचल्यापासून प्रतिकार तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. सर्वाधिक धोक्याचे वर्ष पहिले. म्हणून तीन महिन्यांनी टोचलेली बीसीजी कार्डावर पूर्ण दिसते, पण धोक्याचा मोठा तुकडा उघडाच गेलेला असतो. टक्केवारी मोजताना आपण ‘दिली’ एवढेच मोजतो, ‘कधी दिली’ हे मोजत नाही. ही सार्वजनिक आरोग्यातली खरी त्रुटी आहे असे मला वाटते.

डिलाईल रोडच्या बाळांबाबत उशिराची कारणे ठरलेली आहेत. परळच्या वाडिया किंवा केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी लस मिळते. पण पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि माहेर सिंधुदुर्गात, रत्नागिरीत किंवा साताऱ्याकडे. तिथल्या छोट्या प्रसूतिगृहात एका बाळासाठी अनेक मात्रांची कुपी फोडायची आणि चार तासांनी टाकायची, हे जिवावर येते. मग ‘बुधवारी या’, ‘सव्वा महिना झाल्यावर बघू’ असे सांगितले जाते. बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नाही. मग बारसे, मग मुंबईला परत, मग इथल्या आरोग्य केंद्रात ‘गावी दिली असेल’ असा समज. एका बाळासाठी कुपी फोडावी, उरलेली वाया गेली तरी चालेल, हाच योग्य हिशेब आहे. कुपीची किंमत आणि मेंदूत साठलेले पाणी काढणाऱ्या शस्त्रक्रियेची किंमत यांची तुलना करण्यात वेळ घालवण्याचीही गरज नाही.

लसीनंतर उरणारे काम

लस चारपैकी तीन मुलांना वाचवते असे धरले, तरी चौथे मूल उरते. त्याचे संरक्षण दंडावर नाही, आजोबांच्या खोकल्याच्या तपासणीत आहे. घरात थुंकीत जंतू असलेला रुग्ण निघाला, की पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी करून, आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध द्यावे, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा जुना नियम आहे. आयसोनियाझिडची गोळी वजनानुसार, सहा महिने. आता ही सोय घरातल्या मोठ्यांनाही लागू आहे. ‘बीसीजी झाली आहे, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. उत्तर असे की लस आणि गोळी एकमेकींची जागा घेत नाहीत. आईलाच क्षय असेल, तर बाळाची लस आणि औषध यांचा क्रम डॉक्टर ठरवतात. योग्य उपचार सुरू असलेल्या आईने तोंडाला मास्क लावून अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष असलेल्या बाळाला मात्र ही जिवंत लस धोक्याची ठरते. आधीचे भावंड लहानपणी वारंवारच्या जंतुसंसर्गाने गेले असेल, तर टोचण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे.

अडचण गोळीची नाही, सांगण्याची आहे. चाळीत भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येते, त्यामुळे थुंकी तपासायला देणेही बातमी होते. लग्नाची मुलगी असलेल्या घरात तर आजार लपवणे हीच पहिली प्रतिक्रिया असते. आजोबांचा ‘जुना दमा’ दोन वर्षे दमाच राहतो. हा संकोच मी समजू शकतो, पण त्याची किंमत घरातल्या सर्वांत लहान माणसाकडून वसूल होते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या प्रत्येक माणसाची थुंकी बाळ घरी येण्याआधीच तपासून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आणि प्रसूतिगृह मुंबईतले असो की गावचे, तिथून निघण्यापूर्वी बाळाच्या कार्डावर बीसीजीची तारीख लिहिलेली आहे का ते स्वतः वाचा. नसेल, तर टोचल्याशिवाय निघू नका.